नवीन फ्लॅटचं पहिलं मिळकतकराचं बिल आणि ४० टक्के सवलतीच्या पीटी-३ फॉर्मचा माझा अनुभव

२०२१ ला २३ गावं पुणे मनपात घेतली त्यात आमची वाघोली पण आली, आणि इथे अजूनही नवीन सोसायट्या उभ्या राहतायत, म्हणून ज्यांचं पहिलं बिल अजून यायचंय त्यांच्यासाठी लिहितेय कारण आकडा बघून खरंच धडकी भरते.

आम्हाला आलेलं बिल एका वर्षाचं नव्हतंच. आकारणी व्हायला वेळ लागतो पण कर धरतात भोगवटा पत्राच्या (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, म्हणजे ओसी) तारखेपासून, त्यामुळे मागचं सगळं एकदम जोडून आलं. बिलावरची ‘पासून’ तारीख आपल्या भोगवटा पत्राशी ताडून बघाच.

दुसरं म्हणजे ४० टक्के सवलत. स्वतः राहत असाल तर पुण्यात ही सवलत १९७० पासून होती, मधे बंद झाली आणि २०२३ मधे परत सुरू झाली, पण १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना ती आपोआप लागत नाही, पीटी-३ फॉर्म भरावा लागतो. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना हे माहितच नव्हतं!

मनपाच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या पेठ निरीक्षकांनी (मिळकतकराचं काम बघणारे कर्मचारी) माझंच बिल उलटं करून मागे पेनाने हिशोब मांडून दाखवला. चौरस फुटाचा महिन्याचा दर गुणिले क्षेत्रफळ गुणिले १२, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा, हे झालं करपात्र मूल्य. "ताई, समजा हे ३०,००० आलं, तर सवलतीनंतर १८,००० धरायचं, आणि सर्वसाधारण कर, सफाई, जललाभ, मलनिःसारण, वृक्ष, शिक्षण सगळे कर त्या १८,००० वर टक्क्यांनी लागतात." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की एका फॉर्मने बिल एवढं का उतरतं.

फॉर्मला सोसायटीचं पत्र लागलं की मालक स्वतः राहतात, शिवाय याच पत्त्याचा पुरावा, मतदार कार्ड, लायसन्स, गॅसचं कार्ड, पासपोर्ट, जे असेल ते. पुण्यात दुसरं घर असेल तर त्याच्या बिलाची पण झेरॉक्स जोडायची. पत्ता बदललेला नसेल तर आधी ते काम करा, आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. बिल अजून बिल्डरच्या नावाने असेल तर इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) घेऊन नाव लावायचा अर्ज वेगळा द्यावा लागतो.

फॉर्म दिला म्हणून बिल थकवू नका, थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो. आम्ही सवलतीआधीचं पूर्ण बिल भरून टाकलं आणि जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले, पोचपावती जपून ठेवली होती म्हणून ते विचारायला पण सोपं गेलं. आणि फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ही सवलत नाही, तेव्हा सोसायटीकडून खोटं पत्र मागू नका प्लीज, सेक्रेटरी काकांची उगाच अडचण होते.