पिशवीच्या आकाराची मुळं

४ जुलै, रात्री

शाळेच्या कुंपणालगतचा वाळलेला करंज आज उपटला. गेल्या वनमहोत्सवातला. जोर लावावाच लागला नाही, एका हातात आला. मुळं पाहिली आणि मग दिवसभर कशात मन लागलं नाही. वर्षभर जमिनीत राहूनही ती रोपवाटिकेतल्या पिशवीच्याच आकाराची होती. तळाशी चुंबळीसारखी गुंडाळलेली. बाहेरच्या मातीत एक तंतूही गेलेला नाही.

पिशवी काढली होती की त्याची! पाणीही मिळालं, मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या. सगळे म्हणाले, ऊन लागलं. ऊन नाही लागलं. रोप पिशवीत फार दिवस राहिलं की मूळ तळाला पोचतं, वळतं, गोल फिरत राहतं. ती वेटोळी कापली नाहीत तर खड्ड्यातही तसंच फिरतं. ब्लेडने तळाची बोटभर माती मुळांसकट कापायची, पिशवी उभी फाडायची, रोप खोडाला न धरता मातीच्या गोळ्याखाली हात घालून उतरवायचं. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच जमीन यावी. खोल गाडलं की खोड कुजतं.

खड्डा तर मे महिन्यातच हवा. दीड फूट लांब, रुंद, खोल, उन्हात तापलेला. भरताना वरच्या थराची माती, दोन पाट्या कुजलेलं शेणखत, वाळवीसाठी मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. आमच्याकडे आदल्या दिवशी पहारीने मुरमात कुंडी कोरतात. अण्णा होते तोवर प्रत्येक खड्ड्यात टेप घालून बघायचे. असो.

केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला. १ जुलै २०१६ ला राज्याने एका दिवसात दोन कोटी रोपांचा संकल्प केला होता. आकडा नेहमी लावलेल्यांचा. जगलेल्यांचा विचारला की माणसं दुसरीकडे बघतात. दरवर्षी मीच का विचारायचं? थकले मी. आज खरंच वाटलं, परवाच्या वृक्षदिंडीला जाऊच नये.

पण ती चुंबळ डोळ्यांपुढून हलत नाही. एवढं पाणी घातलं, आणि ते मूळ पिशवीएवढ्याच जागेत घुटमळत राहिलं.

दिंडीत लेझीम असणार, पाहुणे उन्हात खोळंबलेले असणार, पोरांना कधी एकदा रोप लावतो असं झालेलं असणार. त्या वेळी कोण ब्लेड हातात घेणार? आणि पोरांनी तरी का घ्यावं? त्यांनी नाचावं, लावावं. तळ आदल्या संध्याकाळीही कापता येतो. बाजूची पिशवी तशीच ठेवली की माती सुटत नाही. कापून सावलीत ओळीने ठेवायची, वर ओलं गोणपाट.

दोनशे रोपं आहेत. वहिनी येते म्हणाली आहे. ब्लेडची दोन पाकिटं आणली. उद्या दुपारीच पाणी घालून ठेवायला हवं. कोरडी माती कापताना ढासळते.