आमची वाटचाल : टॉवेलच्या मागांपासून खाणीतल्या लोडरपर्यंत

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमची सुरुवात टॉवेलच्या मागांच्या कंट्रोल पॅनेलपासून झाली. त्यातून जॉयस्टिकचे कन्सोल आले. आज आम्ही भूमिगत खाणीत दुरून चालवायच्या लोडरचे, म्हणजे फुटलेल्या दगडाचा ढिगारा उचलणाऱ्या गाडीचे, सिम्युलेटर (चालकाच्या सरावाची संगणकी यंत्रं) बनवतो. आपल्याला जवळची अशी मोठी खाण म्हणजे रायचूर जिल्ह्यातली हट्टीची सोन्याची.

सुरुंगानंतर स्टोपच्या, म्हणजे खनिज काढलेल्या पोकळीच्या, छताला आधार नसतो, म्हणून आत फक्त यंत्र जातं आणि चालक सुरक्षित जागी पडद्यासमोर बसतो.

लोडर मधल्या सांध्यावर वळतो. जॉयस्टिक सांध्याचा कोन ठरवत नाही, तो किती वेगानं बदलायचा ते ठरवते. त्यामुळे हात काढला तरी गाडी सरळ होत नाही, जॉयस्टिक उलट ढकलावी लागते. मोटारीला सरावलेला चालक इथेच भिंत घासतो. गाडी उभी असतानाही सांधा हलला की बकेट (पुढचं दगड भरायचं खोरं) बाजूला सरकते. हे सिम्युलेटरच्या गणितात नसेल, तर सराव चुकीचाच होतो.

खरा कस लागतो तो गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर यायला लागणाऱ्या उशिरात. ताशी 10 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 2.8 मीटर. चित्र 300 मिलिसेकंद उशिरा आलं, तर गाडी पडद्यावर दिसते त्यापेक्षा 80 सेंटिमीटर पुढे असते. कायम तेवढाच उशीर असेल तर तो अंगवळणी पडतो. घात होतो तो कमीजास्त होणाऱ्या उशिराने. सरावात तो मुद्दाम घालावाच लागतो.

ढिगाऱ्यातला एकेक दगड मोजायला गेलं की संगणक दमतो. आम्ही ढिगारा जागोजागची उंची धरणाऱ्या जाळीने मांडतो, आणि बकेट जितकी आत जाईल तितका विरोध वाढवतो. आत घुसताना बूम (बकेट उचलणारा दांडा) किंचित उचलला की भार पुढच्या चाकांवर येतो, पकड वाढते. नुसता अॅक्सिलरेटर दाबला तर चाकं जागीच फिरतात आणि टायर कापले जातात. हे आधी कानाला कळतं, म्हणून इंजिनचा आवाज भाराप्रमाणे बदलायलाच हवा.

संपर्क तुटला की ब्रेक आपोआप लागतात. ते स्प्रिंगनं लागतात आणि तेलाच्या दाबानं सुटतात. संपर्क परतला तरी चालकाने पुन्हा ताबा घेतल्याशिवाय गाडी हलता कामा नये.

गिऱ्हाईक पहिल्यांदा मोठा पडदा मागतं. आम्ही सांगतो, त्याच पैशात तुमच्या बोगद्याचं लायडार स्कॅन, म्हणजे लेसरनं केलेलं मोजमाप, करून घ्या. वळणावर गाडी आणि भिंत यांत फार थोडी जागा उरते, आणि सरावात ते वळण जसंच्या तसं यावं लागतं.