आमची वाटचाल : चौथी बाजू मोकळी

आमच्याकडे सगळ्यांत जास्त खपणारी वस्तू म्हणजे डब्याचा रुमाल, आणि तो पुरा शिवलेला नसतो. तीन कडा आम्ही दुमडून मशीनवर मारून देतो, चौथी मोकळी. सोबत बोथट सुई, तीन रंगांचा दोरा आणि एक घडीपत्रक. चौथी कड घरातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाने शिवायची. पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक रुमाल उलटसुलट करून बघतं आणि म्हणतं, "अहो, ही बाजू राहिलीय." राहिली नाही, ठेवलीय, हे समजावण्यातच आमचा निम्मा दिवस जातो.

सुरुवात बाळंतविड्यापासून झाली. 2012 साली, सांगलीत गावभागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. भांडवल म्हणजे माहेरून आणलेलं आईचं मेरिटचं पायमशीन, माझा आयटीआयचा शिवणाचा कोर्स आणि सासूबाईंचा कुंचीवर बसलेला हात. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची एवढाच माल. कुंची दिसते थाटाची, पण शिवायला सोपी. डोक्यामागे एक शिवण, बाकी पाठीवर मोकळं सोडायचं. वरून खण, आतून मलमल, म्हणजे जर बाळाच्या गालाला लागत नाही. खण गुळेदगुड्डचा. सांगलीहून कर्नाटक तसं दारातच.

सुती कापड इचलकरंजीचं. तासाभराच्या वाटेवर एवढी मोठी पेठ असताना लांब कशाला जायचं? विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसवला, तोही जहागीरदार नारायणराव घोरपड्यांच्या पाठबळावर, हे तिथला कुठलाही जुना व्यापारी चहा येईपर्यंत सांगून मोकळा होतो. मी केंब्रिक घेते ते 60 बाय 60 काउंटचं (काउंट म्हणजे सुताचा बारीकपणा), इंचाला 92 उभे आणि 88 आडवे धागे असलेलं. झबल्याला ते बरोबर बसतं. त्याहून विरळ घेतलं तर काखेत उसवतं, आणि जाड घेतलं तर बाळ रडायला लागतं. दुपट्याला मलमल. ताका आला की आधी भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची आणि मगच बेतायचा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतंच. झबलं आटलं तर दोष शिवणाऱ्याचा, असा आपल्याकडे रिवाज आहे.

नव्या मालापेक्षा आम्हाला लवकर ओळख मिळाली ती जुन्या कापडामुळे. बाळाला पहिलं अंगडं जुन्या, धुऊन मऊ झालेल्या कापडाचं घालायचं, ही आपली पद्धत. आजीचं नऊवारी आणून द्यायचं, आम्ही दुपटी, झबली शिवून द्यायची. विटलेला, विरलेला भाग सोडला तर एका लुगड्यातून पाच-सहा दुपटी सहज निघतात. काठ मात्र वापरत नाही, बाळाला टोचतो. "काठ का काढला?" हा प्रश्न सगळ्याच आज्या विचारतात. त्या काठाची आम्ही बाळाच्या आईला पिशवी शिवून देतो, मग आजीही खूश.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला. उलाढाल फार नव्हती, पण राज्याबाहेर माल पाठवायचा तर नोंदणी लागते, आणि आमची बरीच पार्सलं बेंगळुरू-हैदराबादला जाणारी. सीए शोधला, नोंदणी केली. परदेशातल्या नातवंडांची कुंची बहुतेक आजी स्वतःच बॅगेतून घेऊन जाते, त्यामुळे तो कागदोपत्री त्रास वाचतो.

अर्ध्या शिवणाची कल्पना 2018 ची, आणि ती आमच्या डोक्यातून निघालेली नाही. एक ताई दुसऱ्या बाळासाठी बाळंतविडा सांगायला आल्या होत्या. बरोबर थोरली, पाच वर्षांची. माप, रंग, तारीख असं आमचं बोलणं चाललेलं आणि ती मशीनच्या पायडलवर बसून सारखी म्हणत होती, "मीपण शिवणार बाळाला." तिला गप्प करायला सासूबाईंनी गोणपाटाचा तुकडा, दाभण आणि लोकर दिली. घरी जायची वेळ झाली तरी पोरगी उठेना. शेवटी ठरलं असं की दुपट्याच्या एका कोपऱ्याचा तुकडा आम्ही ठिपके काढून तिला द्यायचा, तिने घरी धावदोरा घालायचा आणि मग तो आम्ही दुपट्यावर लावायचा.

यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. मुलांचे टाके लांब आणि सैल असतात. अशा टाक्याच्या फासात तान्ह्या बाळाचं बोट अडकू शकतं. सुटा दोरा, अगदी केसही बोटाला गुंडाळला गेला तर रक्त थांबतं, आणि बाळ का रडतंय ते घरात कुणाला कळत नाही. म्हणून ताईदादाने शिवलेला तुकडा आमच्याकडे परत यावाच लागतो. वरचे लांब टाके आम्ही त्याच रंगाच्या दोऱ्याने मध्ये दाबून घेतो, मागच्या गाठी अस्तराखाली जातात आणि कडेने चारी बाजूंनी बारीक टीप मारतो. पार्सल दोनदा येतं-जातं, त्यात आम्हाला फारसं सुटत नाही. तरी हे दुपटं बंद करायचं नाही, असं घरात ठरलेलं आहे.

2019 च्या ऑगस्टात कृष्णा गावात शिरली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फुटांची, पाणी गेलं 57 फुटांवर. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक सगळं पाण्याखाली. आम्ही माळ्यावर ठेवलेला माल वाचला, खालचा गेला. कापड धुऊन निघेल असं बाहेरच्यांना वाटतं. पुराच्या गाळात बसलेली पांढरी मलमल धुऊन पांढरी होईलही, पण ती तान्ह्या बाळाच्या अंगाला कोण लावणार? सगळे ताके फेकले. मोटारीची दोन्ही मशीनं गेली. आईचं मेरिट उघडून, रॉकेलने धुऊन, तेल घालून उन्हात ठेवलं, आणि ते चाललं. विमा मशीनांचा होता, मालाचा नव्हता. दिवाळीनंतर विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर भाड्याने जागा घेतली. जिना चढावा लागतो म्हणून गरोदर बायका कुरकुर करतात, ते खरंच आहे. त्यांचं माप-बिप आम्ही खाली जाऊन घेतो.

मग लॉकडाऊन. सगळ्यांसारखे आम्हीही मास्क शिवले, त्यावरच ते वर्ष निघालं. पण घरात कोंडलेल्या मुलांच्या आयांचे फोन यायला लागले, "ते ठिपक्याचं काही पाठवता का?" बाळ नसलेल्या घरीही! तेव्हा पाकिटं भरायला सुरुवात केली. आमच्या पिढीला शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बटण लावणं, हेम घालणं असायचं. बाईंचं लक्ष नसेल तर पुढच्या मुलीची वेणी बाकाला शिवणंही असायचं. आताच्या पुष्कळ मुलांच्या हातात सुई कधी येतच नाही.

पहिली पाकिटं कापडी बाहुलीची होती. तेवढ्यात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. कापडी बाहुली हेही खेळणंच. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना सूट आहे, पण आमच्यातल्या कुणाची तशी नोंद नव्हती. लोकांनी सांगितलं, लहान धंदा आहे, कोण बघतंय. मला ते पटेना. त्या निमित्ताने नियम वाचले तेव्हा चाचणीची ती नळकांडी कळली. 31.7 मिलिमीटर व्यासाची असते, आणि जी वस्तू तीत पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते असं धरतात. मी घरातलं बटण, मणी, घुंगरू, टिकली सगळं मापून बघितलं. सगळंच मावत होतं! त्या दिवसापासून झबल्याला बटण नाही, कापडी बंद, तेही आखूड. कुंचीचं घुंगरू गेलं. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बेतास बात बोलत होत्या.

बाहुली सोडली आणि वापरायच्या वस्तूंवर आलो. डब्याचा रुमाल, पेन्सिलींचं पाकीट, उशीचा अभ्रा, भाजीला न्यायची छोटी पिशवी. मला तर हेच बरं वाटतं. बाहुली कपाटावर जाऊन बसते, रुमाल रोज शाळेत जातो, डाळीचे डाग पाडून घेतो आणि धुतला जातो.

आता मुलं शिवतात कशी, ते जरा सविस्तर सांगते, कारण पाकीट घेणाऱ्या दहातल्या आठ आया इथेच अडतात. मूल सुई खालून वर काढतं, दोरा ओढतं, इथपर्यंत ठीक. पुढचा टाका घालताना सुई पुन्हा खाली न घालता कापडाच्या कडेवरून फिरवून खालून आणतं. दोन-तीन टाक्यांत कड गोळा होते, दोरा आवळतो आणि रडारड. हे सगळीच मुलं करतात, कुणी मंद नसतं. आमच्या पत्रकावर म्हणून बेडूक काढलाय. बेडूक डबक्यात बुडी मारतो, आतल्या आत पुढे जातो आणि डोकं वर काढतो, काठावरून चालत येत नाही. "बेडूक कुठे गेला?" असं नुसतं विचारलं तरी मूल हात थांबवतं. भरतकामाच्या रिंगमध्ये कापड ताणून दिलं तर कड हाताला येतच नाही आणि हा प्रश्न बराच सुटतो.

दुसरं, दोऱ्याची लांबी. पुन्हा पुन्हा सुई ओवायला नको म्हणून आया भला लांब दोरा घेतात, आणि मुलाचा सगळा वेळ गुंता सोडवण्यात जातो. दोरा मुलाच्या खांद्यापासून बोटांपर्यंत, बस्स. दुहेरी ओवून शेवटी गाठ मारली की सुईतून सुटत नाही. आम्ही अँकरच्या सहापदरी लडीतून तुकडे मापानेच कापून देतो, 8 मीटरची लडी अख्खी देत नाही. सुई टेपेस्ट्रीची, 18 नंबरची, नाकं मोठं, टोक बोथट. ही सुई मलमलीत जात नाही, म्हणून मॅटी कापड. त्याची वीण चौकटीची आणि सैल असते, सुईला वाट सापडते. चार वर्षांच्या आतल्या मुलाला सुई नकोच. जाड पुठ्ठ्याला भोकं पाडा आणि बुटाची नाडी ओवायला द्या, त्याला पाकीट विकत घ्यायची गरज नाही. हे मी दुकानात सांगते तेव्हा आमचे हे डोळे मोठे करतात.

ठिपके काढायला टोचलेला कागद कापडावर ठेवून वरून निळीचा बोळा फिरवतो. भरतकामवाले निळीत रॉकेल घालतात. आम्ही नाही घालत, रुमाल डब्याबरोबर जाणार. एका धुण्यात ठिपके जातात, टाके तेवढे राहतात.

सगळ्यात जास्त वाद किमतीवरून. पूर्ण शिवलेला रुमाल 60 रुपये आणि अर्धा 140! "अर्धं काम आम्हीच करायचं आणि पैसे दुपटीपेक्षा जास्त?" असं तोंडावर विचारतात. चौथी कड मशीनवर मारायला ओव्हरलॉकच्या मावशींना मिनिटसुद्धा लागत नाही. ती न मारता ठिपके काढणं, दोरे कापणं, सुई पुठ्ठ्याला टाचणं, पत्रक घालणं यात बराच वेळ जातो. शिवाय मॅटी, लडी आणि सुई यांचे पैसे वेगळे. हिशेब सांगितला की काही जण घेतात, काही 60 चा घेऊन जातात. दोन्ही चालतं.

दुसरी तक्रार टाके वाकडे येतात ही. एका शाळेने मोठी ऑर्डर देऊ केली होती, स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी. अट अशी की काही रुमाल आमच्याकडून सुबक शिवून हवेत आणि मुलांच्या नावाने मांडायचे. पैसे चांगले होते. मी नाही म्हटलं. घरीही हेच होतं. रात्री मूल झोपल्यावर आई त्याचे टाके उसवून सरळ करते, आणि सकाळी ते ओळखतं. आता पत्रकाच्या मागे मोठ्या अक्षरात छापलंय : उसवू नका. आईला फारच हात शिवशिवत असेल तर पाकिटात एक जास्तीचा तुकडा टाकतो, तो तिचा.

मोहरीची उशीही बंद केली. बाळाचं डोकं गोल होतं असं मानतात म्हणून तिला मागणी भरपूर, पण पहिल्या वर्षात पाळण्यात उशी आणि मऊ खेळणी नकोत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, श्वास कोंडायचा धोका असतो. विकणारे पुष्कळ आहेत, आमच्याकडे मिळणार नाही. गिऱ्हाईक तुटतं, तुटू दे.

सध्या आम्ही पाच जणी आहोत. डावखुऱ्या मुलांचं वेगळं पत्रक करायचं काम चालू आहे, कारण चित्रातला हात उजवा असला की ती मुलं कापडच उलटं धरतात. कात्रीही डाव्या हाताची शोधतेय, पाच-सहा वर्षांच्या हाताला बसणारी आणि परवडणारी अजून मिळालेली नाही. आणि आगाऊ सांगून ठेवते : संक्रांत ते रथसप्तमी बोरन्हाणं असतात, काळी झबली सगळ्यांना एकाच वेळी हवी असतात, आणि काळं कापड रंगाचं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवावं लागतं. त्यामुळे 15 डिसेंबरनंतर बोरन्हाणाची ऑर्डर घेत नाही, नात्यातली असली तरी.