आईच्या रक्तात बुरशी कुठून आली?

"एवढी स्वच्छता पाळता, तरी आईच्या रक्तात बुरशी?" काळजीच्या सुरात हे इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकते. घाणीतून आली नाही. बहुधा तिच्याच पोटातली होती.

कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी पुष्कळ धडधाकट माणसांच्या तोंडात आणि आतड्यात मुकाट राहते. तुमच्याही असेल. आतड्यातले जिवाणू तिला फार पसरू देत नाहीत. डोक्यातल्या कोंड्यामागेही मॅलासेझिया नावाची बुरशीच असते, पण तेव्हा तुम्ही कुणाची स्वच्छता काढत नाही, शाम्पू आणता.

आईच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, आतला जोड गळला, पोट पुन्हा उघडावं लागलं. भारी अँटिबायोटिक्स सुरू झाली, मानेत सेंट्रल लाइन, त्यातूनच पोषण. म्हणजे बुरशीला आवरणारे जिवाणू मेले, आतड्याची भिंत फाटलेली आणि रक्तात थेट जाणारी नळी. ताप उतरेना. अँटिबायोटिक बदललं, तरी संध्याकाळ झाली की हुडहुडी. मी पांघरूण ओढायची, सिस्टर काढायच्या. मग लॅबचा निरोप आला: ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) यीस्ट, म्हणजे बुरशी, वाढलंय. लाइन त्याच दिवशी काढली, कारण नळीवर बुरशीचा चिवट थर धरतो आणि औषध त्याला पुरं पडत नाही. कॅस्पोफंजिन हे बुरशीवरचं औषध सुरू झालं. मग डोळ्यांचे डॉक्टर आले. रक्तातली कॅन्डिडा डोळ्याच्या पडद्यावरही जाऊन बसते. त्यांनी थेंब घातले, बॅटरी मारून बराच वेळ आत बघत राहिले. आई क्षीण आवाजात म्हणाली, "नंबर आत्ताच तपासलाय हो." पडदा स्वच्छ होता. मी बाहेर जाऊन रडले.

तेव्हा मीही कॉरिडॉरमध्ये हेच विचारत होते, कुणाच्या हातून आली? प्रश्न अगदीच वेडा नव्हता, हातांवरूनही कॅन्डिडा पसरते. अँटिबायोटिक्स नसती तर? तर पोटातल्या पुवानेच आई गेली असती, हे मला कळतं. पण लाइन दोन दिवस आधी काढता आली नसती का, हे तेव्हाची मी अजून विचारते आणि तिला गप्प करणारं उत्तर मला सापडलेलं नाही.

आणि कृपा करून "साखर बंद करा, बुरशी उपाशी मरते" हे सांगू नका. मधुमेह काबूत नसेल तर बुरशीचा धोका वाढतो, हे खरं. पण रक्तात शिरलेली बुरशी चहातली साखर सोडून मरत नाही. तिच्या पेशीची घडण आपल्या पेशीच्या इतकी जवळची आहे की तिला मारतील आणि आपल्याला सोडतील अशी औषधं मोजकीच आहेत. कॅस्पोफंजिन तिची पेशीभित्तिका बांधू देत नाही. आपल्या पेशींना ती भित्तिकाच नसते, म्हणून निभावतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, १९ जणींची. सर्वांत गंभीर गटात कॅन्डिडा अल्बिकन्स आहे. पथ्याने भागत असतं तर ती तिथे नसती.

"आता पूर्ण गेली ना?" हा पुढचा प्रश्न. रक्तातून गेली. कल्चर स्वच्छ आल्यानंतर १४ दिवस औषध द्यायचा नेम असतो, तो पाळला. आतड्यात असेलच. तिथून काढायचा कुणी प्रयत्नही केला नाही.