बाबांची चौदा वर्षं कोणत्या रकान्यात?

मार्चअखेरची गडबड होती. भारत आणि बांगलादेश, दोन्हीकडच्या सरकारांचा शिक्षणावरचा खर्च जीडीपीच्या टक्क्यांत मांडायचा होता. दोनच ओळींचा तक्ता म्हणून मी तो शेवटच्या दिवसावर ढकलला होता.

अडले ते आपल्याच ओळीवर. 2022-23 च्या आर्थिक पाहणीत 2.9 टक्के, आणि शिक्षण मंत्रालयाच्या विश्लेषणात चारच्या वर! देश एकच, मग आकडे दोन कसे? तासभर कागद चाळल्यावर उलगडलं. मंत्रालयाच्या हिशेबात इतर खात्यांचा शिक्षण-प्रशिक्षणावरचा खर्चही धरतात. आपल्या आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे असतात, तसा. कोणताही आकडा घेतला तरी कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितलेले 6 टक्के लांबच.

बांगलादेशचं काम सोपं वाटलं. तिथे राज्यं नाहीत, अर्थसंकल्प एकच, जुलै ते जून. आकडा 2 टक्क्यांच्या आसपास. ‘बांगलादेशचा खर्च भारताहून बराच कमी’ असं वाक्य लिहून मी मसुदा ढाक्याच्या सहकारी आपांना (बंगालीत आपा म्हणजे ताई) पाठवला.

दुपारी त्यांचा फोन आला. “आमच्या सरकारकडे कराचा पैसाच जीडीपीच्या दहा टक्क्यांहून कमी येतो. त्यातले दोन म्हणजे किती, ते बघ ना,” त्या म्हणाल्या. बरोबर होतं. शिक्षणावरच्या 2015 च्या आंतरराष्ट्रीय इंचिऑन जाहीरनाम्यातही दोन मापं दिली आहेत, जीडीपीच्या 4 ते 6 टक्के किंवा एकूण सरकारी खर्चाच्या 15 ते 20 टक्के. मी त्यातलं एकच वापरलं होतं. दुसऱ्या मापानेही बांगलादेश कमीच भरतो, पण पहिल्या मापाने तो जितका हात आखडणारा दिसतो तितका नाही.

मग त्या एमपीओबद्दल बोलू लागल्या. त्यांच्याकडे बहुतेक माध्यमिक शाळा खासगी संस्थांच्या आहेत. शाळा ‘मंथली पे ऑर्डर’च्या यादीत आली की शिक्षकांचा मूळ पगार सरकार देतं. घरभाड्यापोटी मात्र कित्येक वर्षं महिना फक्त 1000 टका मिळायचे. आणि ज्या शाळा यादीत नाहीत, त्यांतले शिक्षक? “ते ढाक्यात प्रेस क्लबसमोर उपोषणाला बसतात,” आपा म्हणाल्या.

माझा हात कीबोर्डवरच थांबला. आमच्या घरात या गोष्टीला अनुदान म्हणतात, आणि प्रेस क्लबच्या जागी आझाद मैदान असतं. बाबा चौदा वर्षं विनाअनुदानित शाळेत गणित शिकवत होते. सकाळी शाळा, दुपारनंतर दुसऱ्याच्या शेतावर काम. आदेशातल्या ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ हा शब्द 2009 मध्ये निघाला, म्हणजे अनुदानाची वाट मोकळी झाली, तेव्हा आईने साखर वाटली होती. अनुदानातला पहिला वीस टक्के पगार हातात पडायला त्यानंतरही वर्षं गेली.

त्या चौदा वर्षांत बाबांच्या हाताखालून शेकडो मुलं दहावी पास झाली. पटावर ती मुलं आहेत, निकालात आहेत. खर्चाच्या रकान्यात मात्र बाबा नाहीत, कारण सरकारने त्यांना काही दिलंच नाही. म्हणजे कमी पैशांत मुलं शिकवणारा देश म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्या कौतुकात असे किती पगार बुडालेले असतील? ढाक्यातही आणि इथेही. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, याचा त्या दुपारी फार त्रास झाला.

‘बराच कमी’ हे वाक्य मी खोडलं. भारताचे दोन्ही आकडे कारणांसह लिहिले, दोन्ही देशांपुढे सरकारी खर्चातला वाटा जोडला आणि एक रकाना वाढवला: सरकारी पगाराविना शिकवणारे शिक्षक. तो रिकामाच होता.

“रिकामा रकाना छापायचा?” ऑफिसातल्या मॅडमनी विचारलं. मी त्यांना बाबांचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, “राहू दे. खाली का रिकामा आहे ते लिही.”

संध्याकाळी बाबांना फोन करून तारखा विचारल्या. नेमणुकीची, मान्यतेची, पहिल्या वीस टक्क्यांची. एकही तारीख त्यांना आठवावी लागली नाही.