पोटरीच्या शस्त्रक्रियेनंतरचे अकरा महिने

उकिडवे बसल्यावर माझी उजवी टाच जमिनीला व्यवस्थित टेकत असे. गुडघा ताठ ठेवून पाऊल वर ओढू गेलो की मात्र ते काटकोनापाशीच अडे. टाचेच्या दुखण्यासाठी गेलो तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी नेमके हेच तपासले. पोटरीतला गॅस्ट्रॉक्नेमियस हा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो, तर सोलिअस गुडघ्याच्या खालून, आणि दोघे मिळून टाचेला जोडणारा अकिलिस टेंडन तयार होतो. त्यामुळे गुडघा वाकवताच घोटा मोकळा होत असेल, तर आखडलेला आहे तो वरचा स्नायू.

त्याआधी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली सोडण्याचा व्यायाम, गुडघा ताठ आणि वाकवून मिळून दिवसाला 180 वेळा, मी 12 आठवडे इमानेइतबारे केला होता. सकाळचे पहिले पाऊल तरीही भिंत धरूनच पडत असे.

शस्त्रक्रियेत टेंडनला हात न लावता पोटरीच्या मध्यावर, गॅस्ट्रॉक्नेमियस ज्या चिवट पडद्यात उतरतो तो पडदा कापून स्नायूला लांबी मिळवून दिली. दुखणे टाचेत आणि टाके पोटरीवर, हे आईला शेवटपर्यंत पटले नाही. स्नायू पुन्हा आखडून जुळू नये म्हणून पाऊल काटकोनात धरणारा बूट रात्रीही घालावा लागे, आणि खरे सांगायचे तर वेदनेपेक्षा त्या बुटातल्या झोपेचाच मला जास्त वैताग आला. पावलाची बाहेरची कड बधिर झाली होती. चप्पल पायात आहे की निसटली, हे खाली पाहूनच कळे. तिथून जाणारी नस चीर देताना ताणली जाऊ शकते, याची कल्पना मला आधीच देण्यात आली होती. चार महिन्यांत बधिरपणा बराच ओसरला.

टाचेचे दुखणे तिसऱ्या महिन्यात जवळजवळ थांबले, आणि इथेच माझा हिशेब चुकला. दुखत नाही म्हणजे पाय बरा झाला, असे समजून मी फिजिओथेरपीला दोन आठवडे दांडी मारली. नंतर स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून एका पायावर टाच उचलू गेलो, तर उजवी टाच बोटभरही उठली नाही.

अकराव्या महिन्यात पर्वतीच्या 103 पायऱ्या चढलो. टाच दुखली नाही, पण शेवटच्या वीसेक पायऱ्यांना उजवी पोटरी भरून आली आणि डाव्या पायानेच अंग वर ओढावे लागले. ओट्यापाशी अजून रोज मोजतो: डावीकडे 25, उजवीकडे 17.