कुंपणातला करंट

“माह्यं वावर, माही तार. राती कोणी घुसलं तं माहा का दोष?” डुकरांपासून पीक राखायला कुंपणाच्या तारेत थेट लाईनचा करंट सोडणाऱ्याचं पानठेल्यावरचं हे बोलणं डोक्यातून जात नाही.

२३० व्होल्टचा करंट माणसाला धरून ठेवतो. स्नायू आखडतात, हात सुटत नाही. १६ अँपिअरची एमसीबीही (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण जीव घ्यायला ०.१ अँपिअर पुरतो. कुंपणासाठीच बनवलेली झटका मशीन सेकंदाला एकच, क्षणभराचा झटका देते; डुक्कर पळतं, माणूस सुटतो. तिच्या अर्थिंगचा रॉड मात्र ओल्या मातीत खोल हवा, नाहीतर झटकाच बसत नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ मालमत्तेसाठी जीव घ्यायची मुभा देतं ते जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग, किंवा चोरीत जिवाची किंवा गंभीर दुखापतीची भीती असेल तेव्हा. नुसत्या हरभऱ्यासाठी नाही.

रात्री पंपाची थ्री फेज लाईन आली की ओलिताला निघालेला शेजारी त्या तारेला कसा ओळखू येणार?